विद्यार्थी मंडळ निवडलं कोणी? आमच्या प्राचार्य सरांना आणि संचालक मंडळाला खुलं पत्र

आदरणीय प्राचार्य सर, संस्थेचे सर्व संचालक, विद्यार्थी मंडळाचे पदाधिकारी आणि बेळगावचे पत्रकार, सगळ्यांना नमस्कार.

मागच्या आठवड्यात सकाळी बसमधे उभी होते तेव्हा मैत्रिणीनं मोबाईल पुढं केला, पेपरातली बातमी, आमच्याच कॉलेजची. विद्यार्थी मंडळाची बिनविरोध निवड. खाली फोटो, मधे सर तुम्ही, बाजूला जिमखान्याचे सर, मागं जीएस (जनरल सेक्रेटरी), एलआर (मुलींची प्रतिनिधी), सांस्कृतिक सचिव, क्रीडा सचिव, सगळ्यांच्या हातात गुलाबाची फुलं. निवड खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली असं लिहिलंय. दुपारपर्यंत तो फोटो आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला आणि त्याच्या खाली पहिला मेसेज होता, "निवडणूक कधी झाली ग?" कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या वर्गात ५२ जणं आहेत, एकानंही चिठ्ठी टाकलेली नाही, हात वर केलेला नाही, कसला फॉर्म बघितलेला नाही.

मग बिनविरोध हा शब्द आला कुठून, एवढंच मला आधी विचारायचंय. बिनविरोध म्हणजे उभं राहायची संधी सगळ्यांना होती आणि एकापेक्षा जास्त कोणी उभं राहिलं नाही. त्याच्यासाठी आधी तारीख जाहीर व्हायला पाहिजे, नोटीस लागायला पाहिजे. यातलं काहीच झालं नाही.

कॉलेजचं नाव मी इथं घालत नाही. मला कॉलेजची बदनामी करायची नाही, माझं कॉलेज आहे ते, आणि इथल्या काही सर-मॅडमनी मला जे दिलंय ते मी जन्मभर विसरणार नाही. पण मी आधी दोन वेळा अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव, थोडी भाताची शेती आणि काजूची झाडं. आमच्या घरात माझ्या आधी कुठली मुलगी पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, पुढं गेलेली नाही. २०२३च्या जूनमधे शक्ती योजना सुरू झाली, बायका-मुलींना बसचं तिकीट राहिलं नाही, आणि त्याच महिन्यात बाबा म्हणाले, जायचा खर्च नसेल तर जा शिक. तेव्हापासून रोज किणये, पिरनवाडी करत बेळगावला येते आणि संध्याकाळी परत. शिकायला मिळालं हेच माझ्यासाठी केवढं आहे ते मला माहीत आहे, म्हणूनच आत आल्यावर आम्हाला कोणी विचारतच नाही हे जास्त लागतं.

आता नेमकं काय झालं ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैमधे, आमची लेडीज रूम दुपारी दोननंतर बंद ठेवायला लागले. कारण सांगितलं की परीक्षेचे जादाचे बेंच आत ठेवलेत. आता शहरातल्या मुलींना दोननंतर काही अडचण नाही, टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, अर्ध्या तासात घरी. आम्ही गावाकडच्या मुली मात्र पावणेपाचच्या बसला थांबतो, त्याच्या आधी आमच्या बाजूला बस नाही. आणि मुलींचं टॉयलेट त्या लेडीज रूमच्या आतून आहे. म्हणजे दोन ते पावणेपाच आम्ही कॉरिडॉरमधे, ओल्या कपड्यात, कणकुंबीकडचा पाऊस अंगावर घेऊन सकाळी निघालेल्या मुली, आणि टॉयलेटला कुलूप. यातल्या कितीतरी जणी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. पाळीच्या दिवसात दोघी-तिघी कॉलेजलाच आल्या नाहीत आणि मग ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून त्यांनाच नोटीस. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

आम्ही अर्ज लिहिला. ६१ सह्या झाल्या. अर्ज कोणाकडे द्यायचा तर विद्यार्थी मंडळाकडे, कारण मंडळ त्याच्यासाठी असतं असं आम्हाला पहिल्या वर्षाच्या ओरिएंटेशनला सांगितलं होतं. मी गेल्या वर्षीच्या जीएसकडे गेले. तो चांगला मुलगा आहे, अभ्यासात हुशार, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं अर्ज वाचला, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अगं मला जिमखान्याच्या सरांनी केबिनमधे बोलावून सांगितलं यंदा तू जीएस, मी हो म्हटलं. आता त्यांच्याच विरोधात अर्ज घेऊन मी कसा जाऊ?"

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय सर. त्याला ज्यांनी नेमलं त्यांना तो उत्तर देणार, आम्हाला कशाला देईल? आमच्या मतावर तो तिथं बसलेलाच नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

मग आम्ही तिघीजणी अर्ज घेऊन ऑफिसला गेलो. क्लार्क म्हणाले ठेवा इथं. पोच द्या म्हटलं तर म्हणाले विद्यार्थ्यांच्या अर्जाला पोच देत नाही. पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज, तेच उत्तर. लेडीज रूम सप्टेंबरात उघडली, परीक्षेचे बेंच हलवायचे होते तेव्हा. आणि पुढं नोव्हेंबरात गॅदरिंगची बातमी पेपरात आली त्यात एक ओळ होती की विद्यार्थ्यांच्या समस्या सोडवण्यासाठी विद्यार्थी मंडळ कायम तत्पर आहे. ती ओळ मी तीन-चार वेळा वाचली.

दुसरी गोष्ट पैशाची. फीच्या पावतीवर जिमखाना फी, युनियन फी, मॅगझिन फी असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, तिन्ही वर्षांच्या पावत्या मी जपून ठेवल्यात. मॅगझिन माझ्या तीन वर्षांत एकदाच हातात आलं. युनियन फी कशावर खर्च होते हे मंडळातल्या मुलांनाही माहीत नाही, मी विचारलंय. कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. हिशेब दिसत नाही एवढंच म्हणतेय. अनुदानित कॉलेज आहे, माहिती अधिकारात दहा रुपये भरून, कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत एकाच विषयावर अर्ज करून मी हे विचारू शकते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे मला माहीत आहे. पण स्वतःच्या कॉलेजला तसा अर्ज घालायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, एक कागद नोटीस बोर्डावर लावला की काम होतं.

तिसरं म्हणजे नोटिसा. आमची बॅच एनईपीची, म्हणजे केंद्राच्या शिक्षण धोरणाची, आमच्या मागची बॅच राज्याच्या नव्या धोरणाची, विषय वेगळे, मार्कांची पद्धत वेगळी. ज्युनिअर मुली आम्हाला विचारतात, आम्हाला त्यातलं काही माहीत नाही. नोटीस कन्नडमधे आणि इंग्लिशमधे येते. मी कन्नड वाचते, पण गावातनं मराठी माध्यमातून शिकून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला फॉर्मची शेवटची तारीख कळत नाही आणि मग दंड भरावा लागतो. कन्नड काढा असं कोणी म्हणत नाही. खाली चार ओळी मराठीतही घाला एवढंच. विद्यार्थी मंडळ खरंच आमचं असतं तर हे काम त्यांनी एका दिवसात केलं असतं, ग्रुपवर टाकून.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण आमच्या एका सरांनी ते मला समजावून सांगितलं, चांगल्या मनानं सांगितलं. ते म्हणाले, "हे बेळगाव आहे. इथं निवडणूक घेतली की दुसऱ्या दिवशी मराठी-कन्नड होतं. तुम्ही पोरं शिकायला आलाय, शिका."

या मुद्द्यावर मी खरंच खूप विचार केला, कारण सरांची भीती खोटी नाही. माझे मामा ऐंशीच्या दशकात बेळगावात शिकले. ते सांगतात तेव्हा कॉलेजच्या निवडणुकांत गल्लीतली पोरं यायची, गाड्या भरून यायची, हॉकी स्टिक निघायच्या. १९८६ची कन्नडसक्तीविरोधी चळवळ त्यांनी डोळ्यांनी बघितलीय, हिंडलग्याला त्या चळवळीतल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला ते दरवर्षी जातात. पुढं दशकाच्या शेवटाला राज्यातल्या कॉलेजमधल्या थेट निवडणुका बंदच झाल्या. मजा म्हणजे नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे साधारण त्याच वेळी, मार्च १९८९मधे, देशात मतदानाचं वय २१वरून १८वर आलं. म्हणजे १८ वर्षांच्या मुलाला पंतप्रधानांचं सरकार ठरवायचा हक्क मिळाला आणि वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, ठरवायचा गेला.

पण सर, भीती खरी असली तरी त्याच्यावरचा उपाय हा आहे का? माझ्या बेंचवर बसणारी मैत्रीण बैलहोंगलची आहे, घरात कन्नड. पहिल्या वर्षी तिचं मराठी आणि माझं कन्नड दोन्ही जेमतेम होतं, आता आम्ही एकमेकींच्या नोट्स वाचतो. त्या अर्जावर ६१ सह्या होत्या त्यातल्या निम्म्याच्या आसपास कन्नड मुलींच्या होत्या, त्यांच्याही बस उशिरा असतात, त्याही तिथंच कॉरिडॉरमधे ओल्या उभ्या होत्या. कुलूप लावलेल्या टॉयलेटपुढं कोण मराठी आणि कोण कन्नड? आमच्या वर्गात उद्या चिठ्ठ्या टाकल्या तर मी तिला मत देणार, कारण ती कोणालाही घाबरत नाही. भांडण होईल म्हणून आम्हाला कधी एकत्र बसून ठरवूच दिलं नाही, तर एकत्र ठरवायची सवय लागणार कधी? आणि भाषेवरून जे काय पेटतं ते बाहेर पेटतं, चौकात, बोर्डावरून, बसमधल्या शब्दावरून. आमच्या वर्गात नाही.

माझ्याच वयाची, २१ पूर्ण झालेली मुलगी आमच्या तालुक्यात ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, ती अध्यक्षही होऊ शकते, गावाच्या पाण्याचा आणि रस्त्याचा पैसा तिच्या सहीनं खर्च होऊ शकतो. तीच मुलगी कॉलेजच्या गेटमधून आत आली की तिला आपला वर्गप्रतिनिधी निवडता येत नाही. हे मला समजत नाही आणि कोणी समजावूनही सांगितलेलं नाही.

आणि दंगा टाळून निवडणूक कशी घ्यायची हे काही नवीन शोधायचं नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं २००६मधे सगळं लिहून दिलंय आणि सुप्रीम कोर्टानं २२ सप्टेंबर २००६ला त्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या वर नाही, छापील पोस्टर नाही, फक्त हातानं लिहिलेलं आणि तेही ठरवून दिलेल्या जागेवर, राजकीय पक्षाचा पैसा नाही, ७५ टक्के हजेरी पाहिजे, त्या वर्षी विषय राहिलेले चालत नाहीत, गुन्हा असलेला चालत नाही, फॉर्म भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत संपवायचं, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. मामा सांगतात त्या प्रत्येक गोष्टीवर यात उपाय आहे. जिथं वातावरण बरोबर नाही तिथं तात्पुरती नेमणूक चालेल असंही समितीनं म्हटलंय, पण तात्पुरती, आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे यायचं असं. त्याला किती वर्षं झाली ते तुम्ही मोजा.

राज्याच्या नियमामुळे थेट निवडणूक घेता येत नाही असं तुम्ही म्हणाल. बरं, जीएसची थेट निवडणूक सोडा. एका वर्गात एका तासाला, क्लास टीचरसमोर, चिठ्ठ्या टाकून सीआर निवडायला कुठला नियम आडवा येतो तो लेखी दाखवा, मी गप्प बसेन.

उलट नियम दुसऱ्या बाजूला आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात जी अंतर्गत समिती असते, तिच्यात विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी सदस्य पाहिजेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीनं निवडून आलेले पाहिजेत, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५च्या नियमात आहे. निवडून आलेले. आमच्या कॉलेजात त्या समितीवर विद्यार्थी कोण आहेत हे मी वीसेक मुलींना विचारलं, एकीलाही सांगता आलं नाही. उद्या एखाद्या मुलीला काही झालं तर ती जाणार कोणाकडे? २०२३च्या यूजीसी नियमाप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्याच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. आमचा लेडीज रूमचा अर्ज त्या समितीपुढं गेला असता तर जुलैतच विषय मिटला असता, पण अशी समिती आहे हेच मला माहीत नव्हतं, गॅदरिंगची ती ओळ वाचल्यावर चिडून मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम आली होती तेव्हा आमच्या विद्यार्थी मंडळाची फाईल तयार होती, फोटो होते, इतिवृत्तं होती. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांचा सहभाग बघतात म्हणून ती लागते. त्या इतिवृत्तांत ज्या बैठका लिहिल्या होत्या त्या झाल्या का, हे मंडळातल्या मुलांना मी विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही आणि एकजण म्हणाली सह्या घेतल्या होत्या. यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांना बोलायचं ते बोलतील.

पत्रकारांना एक विनंती. तुमच्याकडे कॉलेजकडून बातमी लिहूनच येते हे मला माहीत आहे, शाल-श्रीफळ, मान्यवरांची नावं, उत्साहात संपन्न. ट्रॅडिशनल डेला अर्धं पान येतं आणि आम्हाला ते आवडतंही, फोटो आम्ही स्टेटसला ठेवतो. पण निवडीची बातमी येते तेव्हा एक फोन करा आणि विचारा, मतदान कधी झालं, किती जणांनी केलं. उत्तर मिळालं नाही तर "निवड" ऐवजी "नेमणूक" असं छापा. एका शब्दाचा फरक आहे. आमच्या गावात पेपर दुपारी पोचतो आणि बाबा तो पूर्ण वाचतात, त्यांना वाटतं मुलगी तिथं मतदान करते.

माझ्या मागण्या सांगते. या वर्षीचं मंडळ कसं ठरलं, कोणत्या निकषावर आणि कोणी ठरवलं, ते लेखी जाहीर करा. पुढच्या जूनपासून कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक वर्गात गुप्त चिठ्ठीनं सीआर निवडा, आणि त्या सीआरनी आपल्यातनं पदाधिकारी निवडावेत, लिंगडोह समितीनं हा मार्गही दिलेला आहे. मी तेव्हा इथं नसेन, पण माझी चुलत बहीण पहिल्या वर्षाला येणार आहे. जिमखाना, युनियन आणि मॅगझिन फीचा मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च बोर्डावर लावा. तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत समिती, दोन्हींची नावं आणि फोन नंबर मुलींना दिसेल अशा जागी लावा, आणि अंतर्गत समितीवरचे तीन विद्यार्थी नियमाप्रमाणे निवडून घ्या. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक अर्जाला पोच द्या. नोटिसा मराठीतही लावा. आणि लेडीज रूम शेवटची बस जाईपर्यंत उघडी ठेवा, बेंच कुठंही ठेवता येतात.

जीएस आणि एलआर, तुम्हाला वेगळं सांगते. तुमच्यावर राग नाही. तुम्ही राजीनामा द्यावा असंही मी म्हणत नाही. पण या महिन्यात एक दिवस रिसेसमधे पोर्चमधे या, सगळ्या वर्गातल्या मुलांना बोलवा, आणि आमचं काय म्हणणं आहे ते ऐकून लिहून घ्या. नेमलेले असलात तरी एवढं करता येतं, त्याला कोणाची परवानगी लागू नये.

सोमवारी अकरा वाजता या पत्राच्या दोन प्रती घेऊन मी ऑफिसला येणार आहे, बरोबर त्या ६१ मधल्या ज्यांना जमेल त्या येतील. एक प्रत तुमच्यासाठी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर पाहिजे. आमची बस पावणेपाचला आहे, तोपर्यंत आम्ही थांबू.

आपली,
बीए शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी
जांबोटी भाग, ता. खानापूर